लोखंडी पुलाच्या खाली

"माझी बहीण बुडाली म्हणतात," खुर्चीवर टेकायच्या आधीच ती बाई म्हणाली. "पंधरा वर्षं ती पोरांना पोहायला शिकवते. ती बुडेल कशी?"

वहिनींनी चष्मा वर सरकवला. साऱ्या गावाच्या त्या वहिनीच; पण खरा दीर एकच, आणि तो शेजारच्या टेबलाशी वही उघडून बसला होता. चित्रकलेचा निवृत्त मास्तर. वहिनींच्या खासगी तपासकचेरीत भाऊजी दोन कामं करायचे: टिपणं घ्यायची आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. दोन्ही अगदी मन लावून.

बाई शिवणकाम करणारी होती. बोटांची टोकं सुयांनी खरबरीत झालेली. बोलताना ती पदराचा काठ सारखा दुमडत होती.

तिची धाकटी बहीण आणि बहिणीचा दंतवैद्य नवरा शनिवारी आपल्या शिडाच्या होडीतून नदीने खाली निघाले होते. पाच दिवसांची सहल. होडीला इंजीन नाही. वारा आणि प्रवाह नेईल तसं जायचं. मंगळवारी संध्याकाळी नवरा एकटाच खालच्या धक्क्याला लागला. रात्री होडी लोखंडी पुलाच्या वरच्या अंगाला लव्हाळ्यात बांधली होती, सकाळी जाग आली तर बायको नाही, असं त्याने सांगितलं. तेव्हापासून पोलीस पुलाच्या वरची नदी पिंजून काढत होते. आज गुरुवार.

"दोघांचं पटत होतं?" वहिनींनी विचारलं.

"निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला होता. म्हणाली, 'ताई, ही सहल झाली की तुझ्याकडे राहायला येते. कायमची. त्याला होडीतच सांगणार आहे.' मी म्हटलं, घरीच सांग ना गं. तर म्हणते, नदीवर तो जरा माणसात असतो." बाईच्या हातातून पदर सुटला. "ती जिवंत आहे की नाही, एवढं तरी कुणीतरी सांगा मला."

वहिनींनी छत्री उचलली. "चला. तुम्हीही चला."

लोखंडी पूल खालच्या धक्क्याच्या वाटेतच होता. जुना आणि इतका बुटका, की खालून जाणाऱ्या प्रत्येक होडीला डोलकाठी आडवी करावी लागे. पुलाचा रखवालदार कुरकुऱ्या माणूस होता.

"सांगितलं की पोलिसांना! मंगळवारी बाराला गेली होडी. डोलकाठी आडवी, डॉक्टर सुकाणूवर. एकटाच दिसला."

"इथे पाणी ओढतं का हो?"

"ओढतं? खांबांशी भोवरे आहेत. क्षणभर सुकाणू सोडलं की होडी खांबावर आपटलीच म्हणून समजा."

"आणखी काही दिसलं?"

"वरून काय दिसणार, टप! होडीतल्या खोलीच्या झरोक्यातून वाफ येत होती, चहाचा वास पार इथवर. एक कप मला विचारला असता तर काय बिघडलं असतं?"

गाडीत बसल्यावर भाऊजी कुजबुजले, "वहिनी, हाच. एका चहासाठी एवढा राग?"

"भाऊजी, तुम्ही त्याच्या जागी असता तर त्या चहासाठी पुलावरून उडी मारली असतीत," वहिनी म्हणाल्या.

खालच्या धक्क्याजवळच्या विश्रामगृहात दंतवैद्य खिडकीशी बसला होता. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ नखं. मेहुणी दिसताच त्याने रुमाल डोळ्यांना लावला.

"तिला पहाटे पोहायची सवय. उतरली असेल. अकरापर्यंत मी हाका मारल्या. मग मदत आणायला निघालो."

"वाटेत कुठे थांबलात?"

"थांबेन कसा? कुठेही टेकलो नाही. सरळ इथे."

"सोबत कुणी?"

"एकटाच होतो, मॅडम. कोण असणार?"

"काही भांडण वगैरे?"

"छे! उलट या सहलीत आम्ही फार जवळ आलो होतो."

शिवणकाम करणाऱ्या बाईने पदराचा काठ मुठीत आवळला.

होडी धक्क्यावर ओढून ठेवली होती. ज्या मिस्त्रीने ती बांधली, तोच पोलिसांच्या सांगण्यावरून ती तपासत होता.

"साडेचारला इथून शीड दिसलं मला," तो म्हणाला. "वारा चांगला होता. त्या वाऱ्याला पुलापासून इथवर यायला दीड तास खूप झाला."

"म्हणजे डोलकाठी उभी होती."

"मग शीड काय दातांत धरणार, बाई?"

"ती एकट्याला उभी करता येते?"

"उतरवता येते, दोर हळूहळू सोडत. उभी करायला मात्र दोघं लागतात. एकाने मागून खांदा द्यायचा, दुसऱ्याने पुढून दोर ओढायचा. मी एकदा एकट्याने करायला गेलो, दोन दात गेले. याच डॉक्टरांनी नवे बसवले."

भाऊजींनी तेही लिहून घेतलं.

"तळाला काही लागलंय?"

"पुढच्या टोकाला पिवळी माती होती. खरवडून काढली. वरच्या अंगाला नदीत सगळा काळा गाळ. पिवळी माती फक्त पुलाच्या खालच्या अंगाच्या खडकाळ बेटावर. तिकडे बगळ्यांशिवाय कुणी फिरकत नाही."

वहिनींचा चेहरा एकदम उतरला. त्या जवळजवळ धावतच धक्क्यावरच्या पोलीस निरीक्षकांकडे गेल्या. पाचच मिनिटांत पोलिसांची लाँच सुटली. शिवणकाम करणारी बाई हट्टाने तीत चढली. मग निरीक्षकांनी दंतवैद्याला मिस्त्रीच्या शेडमध्ये बोलावून घेतलं.

"डॉक्टर," वहिनी एका फळकुटावर बसत म्हणाल्या, "पुलाखाली तुमचे हात सुकाणूवर अडकलेले. मग आत चहा कोण करत होतं?"

"आधीच चुलीवर ठेवला होता."

"बायको नाहीशी झाली म्हणून मदतीला धावणारा माणूस भोवऱ्यात शिरण्याआधी चहाचं आधण ठेवतो? बरं, ठेवलं. पुलानंतर डोलकाठी कुणी उभी केली?"

"मी. एकट्याने."

मिस्त्रीने बोटाने ओठ वर करून आपले दोन नवे दात दाखवले.

"तुम्ही दोघांनी उभी केली," वहिनी म्हणाल्या. "बेटाला होडी टेकवून. म्हणूनच पिवळी माती लागली. दीड तासाच्या वाटेला तुम्हाला साडेचार तास लागले. तुमची बायको पुलाच्या वर नाहीशी झालीच नव्हती. पुलावरून एकटे तुम्हीच दिसलात, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तुम्ही शोध उलट्या दिशेला पाठवलात."

"पण वहिनी," भाऊजींना राहवेना, "ती तर पट्टीची पोहणारी. बेटावरून पोहून आली नसती?"

"आली असती. धड असती तर." वहिनींनी दंतवैद्याकडे पाहिलं. "तिला काय झालंय?"

तो आपल्या नखांकडे बघू लागला.

"मी हात लावला नाही तिला," तो म्हणाला. "डोलकाठी उभी केल्यावर तिने सांगितलं की ती मला सोडणार आहे. जसं काही भाजी आणायचं सांगतेय, तसं. मग होडी ढकलायला खाली उतरली. पाय खडकांत अडकला, मोडला. मला आवाज आला हाडाचा. तेवढ्यात शिडात वारा भरला आणि होडी सुटली."

"वळवता आली असती."

"आली असती. थोडं खाली नांगर टाकून बसलो. विचार करत. चारचौघांत काय सांगणार होतो मी, बायको सोडून गेली म्हणून?"

"आणि ती?"

"हाका मारत होती. तीन वाजेपर्यंत ऐकू येत होत्या. मग मी नांगर उचलला."

मिस्त्रीने हातातली पटाशी खाली ठेवली. भाऊजींची पेन्सिल थांबली होती. त्यांना रडू येत होतं आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटत नव्हती. त्या माणसाने काहीच केलं नव्हतं; फक्त जागा चुकीची सांगितली होती. दोन दिवस, दोन रात्री साठ माणसं भलत्याच पाण्यात गळ टाकत राहिली होती.

लाँचचा आवाज आला. सगळे धक्क्याच्या कडेला धावले. दंतवैद्य तेवढा दोन पावलं मागे सरला आणि निरीक्षकांच्या अंगावर आदळला.

लाँचमध्ये शिवणकाम करणारी बाई खाली बसली होती. तिच्या मांडीवर पांघरुणात गुंडाळलेलं कुणीतरी होतं. काही हलत नव्हतं. भाऊजींनी वहिनींचा हात घट्ट धरला.

"ताई," पांघरुणातून घोगरा आवाज आला, "मी हाका मारत होते गं."

"हो, बाळा," बाई म्हणाली. "ऐकू यायला जरा वेळ लागला."