अर्धा सूर खाली

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, भर दुपारी, माझ्याच दुकानात.

मी गिटार दुरुस्त करते. सोळा वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ, आम्ही त्याला बारक्या म्हणतो, गिटार वाजवतो.

म्हणजे... वाजवायचा.

त्याला एका बँडमध्ये जागा मिळणार होती. शुक्रवारी निवड. त्यासाठी मी एक जुनी, चांगल्या लाकडाची गिटार घेतली. गिटार शिकवणाऱ्या एका सरांची होती. सर वारले, म्हणून त्यांच्या बायकोने विकायला काढली.

देताना बाई एवढंच म्हणाल्या, "तारा अर्धा सूर खालीच ठेवा. वर चढवलेल्या यांना खपत नाहीत."

"सर आता कुठे ऐकायला येणारेत," मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत.

बँडबरोबर वाजवायचं तर सूर बाकीच्यांशी जुळायला हवा, अर्धाही खाली नको. मी नव्या तारा घातल्या, नीट लावल्या. सकाळी बघते तर सहाच्या सहा उतरलेल्या. नवी तार उतरते, हे मलाही कळतं. पण सहाही एकसारख्या... बरोबर अर्धा सूर?

पुन्हा लावल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"मीही बघते कोण जिंकतंय ते," मी मोठ्याने म्हणाले.

नको होतं म्हणायला.

गुरुवार. दुपारचे सव्वादोन. बारक्या आत हात धूत होता. गिटार टेबलावर आडवी, तिच्या टोकाला चिमट्याचा ट्यूनर, काट्यावर सूर दाखवणारा. तार थरथरली की त्याचा दिवा लागतो, एरवी बंद.

दिवा लागला.

आवाज काहीच नव्हता... पण काटा हलत होता.

मी तारांवर तळवा दाबून धरला. तारा गप्प. काटा हलतच राहिला.

मग... कर्र.

पहिल्या तारेची खुंटी आपोआप फिरली. या वेळी तार उतरत नव्हती. चढत होती.

कर्र... कर्र...

वर हवी होती ना, मग घे. असं कुणी बोललं नाही, पण मला तेच कळलं.

"ताई, किती पिळतेस? तुटेल ती." बारक्या बाहेर आला. त्याला वाटलं, मीच पिळतेय. तो खुंटी सोडवायला वाकला.

"वाकू नको," मी ओरडले.

तार तुटली.

बारक्याच्या डाव्या डोळ्याखाली सात टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. बँडची जागा गेली.

मी गिटार परत नेऊन दिली. बाईंनी पैसे परत केले. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

दोन महिन्यांनी बारक्या दुकानात आला. टेबलावर खोक्यातून नुकतीच काढलेली कोरी गिटार होती, तारा पार ढिल्या. त्याने ती मांडीवर घेतली. कितीतरी दिवसांनी हसत होता.

पहिली तार हळूहळू सरळ झाली...

मग ताठ. खुंटीला कुणाचाच हात नव्हता.

त्याने गिटार खाली ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेला. आता तो कुरिअरची गाडी चालवतो. घरात कुणी गाणं लावलं तरी उठून जातो.

'बघते कोण जिंकतंय' असं मी त्या गिटारपुढे बोलले होते, ते शेवटी मागच्या आठवड्यात त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "बोललीस तू. मग ते सर माझ्याच मागे का गं, ताई?"