देवयानीची काच

कंदील जरा बारीक करा रे, आणि मधे कुणी बोलू नका. आपल्या खोपटच्या त्र्यंबकरावांवर गुदरलेली गोष्ट आहे.

शके १८११, मार्गशीर्षातली अमावस्या, रविवार. कचेरीतले हे कारकून दिवेलागणीलाच बैलगाडीत दुर्बीण घालून कोलशेतच्या मिठागरावर गेले. देवयानी तारकासमूहातला तो धुरकट पुंजका त्यांना फोटोच्या काचेवर उतरवायचा होता. तीन वर्षं हा खटाटोप चाललेला. आकाश सरकतं ना, त्याच्याच चालीनं दुर्बीणही तीन तास सरकवत राहायची. हात जरा चुकला की चांदण्यांच्या रेघोट्या. आजवरच्या सगळ्या काचा रेघोट्यांच्याच निघाल्या होत्या.

त्र्यंबकराव दुर्बिणीला डोळा लावत आणि मागे बसून मिठागराचा राखणदार धाकू दुर्बीण सरकवणाऱ्या चाकाची मूठ फिरवी. दिवा लावायची सोय नाही, काच नासते. आठला त्यांनी काच उघडली.

नवाच्या सुमारास धाकू कुजबुजला, "भाऊसाहेब, बांदावर कोनतरी मीठ भरतंय. आलोच बगून."

त्र्यंबकराव चरफडले. पण चाक थांबलं न थांबलं तोच पुन्हा फिरू लागलं. कुर्र... कुर्र... परतला वाटतं, म्हणून त्यांनी डोळा काढला नाही.

आणि बांधावरून धाकूची किंकाळी आली.

"भाऊसाहेब!"

धाकू तर मागे बसलाय. मग हा कोण? अमावस्येला तिसरी हाक आल्याशिवाय ओ देऊ नये, भुताला तिसरी हाक नसते, हे आईनं लहानपणीच बजावलेलं. ओ न देता त्यांनी डोळा दुर्बिणीलाच ठेवला.

लाठ्या पडत होत्या. धुणं बडवावं तशा. हाड मोडल्याचा आवाज आला.

"भाऊसाहेब, मारतान मला..."

पुन्हा लाठी. पुन्हा. मग नुसती घशातली घरघर.

"धाकू, ऐकतोयस ना रे?" त्यांनी हळूच मागे विचारलं.

कुर्र... कुर्र...

तिसरी हाक आलीच नाही. बांध शांत झाला. चाक चालूच होतं.

अकराला त्यांनी काच झाकली. चाक थांबलं. कंदील पेटवला...

मागे कुणी नव्हतं.

धाकू शंभर पावलांवर पडला होता. डोकं फुटलेलं. दोन्ही हात कोपरापासून मोडलेले. रक्त केव्हाच गोठलेलं. मीठचोरांनी मारला, असं पंचनाम्यात आहे. आपण ओ दिली असती, धावलो असतो, तर तो वाचला असता, असं त्र्यंबकराव आजही म्हणतात आणि रडतात.

ती काच त्यांनी धुतली, पण कुणाला दाखवत नाहीत. मला एकदा दाखवली. पुंजका स्वच्छ उमटलाय. आणि भोवतीची एकूणएक चांदणी सुईच्या टोकाएवढी.

कुठंही रेघ नाही.