एका माणसापुरता बर्फ

मंगळवारचा सकाळचा वर्ग संपला तेव्हा डार्लीन कांगासचा घसा पार बसला होता. ऑल्डर पॉइंटच्या सार्वजनिक वाचनालयात गेली सहा वर्षं ती म्हाताऱ्या मंडळींना एकच गोष्ट शिकवत होती: इंटरनेटवर फिरा, पण हात पोळून घेऊ नका. पत्ता नीट वाचा. कुलपाची खूण बघा. 'तुमच्या कॉम्प्युटरला विषाणू लागलाय, ताबडतोब इथे दाबा' असं कुणी बोंबललं तर दाबू नका, पान बंद करा. आणि वाईट पान नेहमी काहीतरी मागतं, एवढं तरी ध्यानात ठेवा. नाव मागतं, पासवर्ड मागतं, नाहीतर घाई करायला लावतं. अकरा जण माना डोलवायचे आणि पुढच्या मंगळवारी त्यातले चौघं नवीन घाण घेऊन हजर. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

सगळ्यात पालथा घडा तिच्या घरातलाच होता. तिचे वडील रायनो, वय ब्याऐंशी, गावापासून बारा मैलांवर बेंट पाइन तळ्याच्या काठी एकटेच राहायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मासेमारीचे फुकट नकाशे देणाऱ्या कुठल्याशा पानावर बोट दाबलं आणि एका दुपारीत आईचे सगळे फोटो गेले. अडतीस वर्षांच्या संसारातला एक फोटो उरला नाही. म्हातारा तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "मी तिला दुसऱ्यांदा घालवली." डार्लीनला ते वाक्य अजून झोपू देत नसे.

तेव्हाच तिने कानाला खडा लावला. मैत्रिणी आठ वर्षांच्या नातवंडांसाठी जे कुलूप कॉम्प्युटरवर लावतात, ते तिने बापाच्या कॉम्प्युटरवर लावलं. रायनोनी नवीन पान उघडायचं म्हटलं की डार्लीनच्या फोनवर परवानगीची विनंती यायची. पानाचं नाव, पत्ता, आणि खाली दोन बटणं: 'द्या' आणि 'नको'.

"ब्याऐंशी वर्षांचा घोडा मी, आणि मला पोरीची चिठ्ठी लागते," रायनो कुरकुरायचे.

"माझ्या शाळेच्या चिठ्ठीवर तुम्ही सही करायचात ना बाबा? आता माझी पाळी."

दिवसाला वीस-वीस विनंत्या यायच्या. पहिल्या वर्षी तिने एकूण एक तपासली. मग माणूस दमतो. दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात, भर वर्गात, एका हाताने मिसेस टॉलेफसनचा माउस धरलेला असताना फोन थरथरला आणि तिचा अंगठा 'द्या'वर पडला. पानाचं नाव तिने नंतर वाचलं: 'बेंट पाइन तळं: आजचा बर्फ'. हुश्श! यात काय वाईट आहे?

डिसेंबर लागला की ऑल्डर पॉइंटमध्ये दुसरा विषयच नसतो. तळं गोठलं किती, मासे धरायला बर्फावर जाता येतं का, एवढंच. चार इंचाला एक माणूस, फूटभराला गाडी, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. ड्वेन पेल्टोच्या गळ-आमिषाच्या दुकानाबाहेर एक फळा असतो आणि ड्वेन रोज त्यावर जाडी लिहितो. स्वतः भोक पाडून मोजावं असं सगळेच सांगतात, मोजत कुणीच नाही. फळ्यावर आहे ना, मग आहे. या गावातली जितकी माणसं तळ्याने नेली, ती बहुतेक कुणाच्या तरी आकड्यावर विसंबून गेली.

रविवारी ती बापाकडे गेली तेव्हा म्हातारा खुशीत होता. "हे बघ. ड्वेनच्या फळ्यापेक्षा झकास!"

पांढरं पान आणि त्यावर काळ्या अक्षरांत तीन ओळी.

कांगासचा धक्का: सहा इंच.
दोन बर्च झाडांमधली खाच: पाच इंच.
उर्होची जागा: चार इंच.

डार्लीनने सवयीने तपासलं. कुलपाची खूण होती. जाहिरात नव्हती. दाबायला बटण नव्हतं, नाव लिहायला चौकट नव्हती. पान काहीच मागत नव्हतं. सहा वर्षांत तिने असं एकही पान पाहिलं नव्हतं, आणि तिला ते आवडलं नाही. तिने आपल्या फोनवर तोच पत्ता घातला. असं पान अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं.

"बाबा, उर्होची जागा कुठं आली?"

रायनोनी कॉफीचा कप फिरवला. "आहे एक. नकाशात नाही सापडायची. ते नाव आम्ही दोघांनीच ठेवलेलं."

"दोघांनी म्हणजे?"

"मी आणि उर्होने."

उर्हो सारी हा बापाचा मासेमारीतला जोडीदार. डार्लीन आठ वर्षांची असताना तो गाडीसकट बर्फाखाली गेला. त्या दिवशी रायनो पुढे चालत होते म्हणून वाचले. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

सोमवारी वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरही पान उघडेना, तेव्हा ती ड्वेनच्या दुकानात गेली. ड्वेन शाळेत तिच्याच वर्गात होता.

"बर्फाच्या जाडीची यादी तू टाकतोस का रे इंटरनेटवर?"

"मी? मला फोनवर फोटो पाठवता येत नाही गं बाई, यादी कुठली टाकतोय!"

"मग कोण मोजतंय?"

ड्वेनने पहार उचलली आणि दोघं गाडीने बेंट पाइनला गेले. बर्फ पेलतो का ते बघत, पुढे पहार आपटत तो चालला, मागे ती. दोन दिवसांपूर्वी बर्फ पडला होता आणि वारा अजिबात नव्हता. तळं धुतलेल्या चादरीसारखं होतं, त्यावर सशाचंसुद्धा पाऊल नाही. धक्क्यापाशी ड्वेन थांबला. बर्फात तळहाताएवढं गोल भोक होतं आणि आत काळं पाणी. त्याने पट्टी घातली. सहा इंच. बर्चच्या खाचेत दुसरं. पाच इंच. तिथून साठ-सत्तर पावलांवर, उघड्या तळ्यात, तिसरं भोक दिसत होतं.

"आलं गेलं कोण?" डार्लीन म्हणाली. "आपलीच पावलं आहेत फक्त."

ड्वेन गुडघ्यावर बसून भोकाची कड चाचपत होता. "गिरमिटाने भोक पाडलं की बर्फाचा चुरा वर येतो. ढीग होतो त्याचा. इथं चुरा कुठाय?"

"खाली पाण्यात पडला असेल."

"खालून पाडलं तर पडेल."

मग ड्वेन उठला आणि अगदी सावकाश म्हणाला, "चल परत. माझ्या मागून नको, बाजूने चाल. लांब राहा, एका जागी वजन नको."

त्याच दुपारी तिने पान बंद करून टाकलं. रायनो चिडले, टेबलावर मूठ आपटली, मग थकून खुर्चीत बसले.

"तळ्यावर जाणार नाही असा शब्द द्या."

"त्याने चार इंच दिलेत डार्लीन. एका माणसापुरते. इतक्या वर्षांनी."

"बाबा. शब्द."

"दिला. घे."

कांगासांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी आपले बर्फावरचे बूट आणि गिरमिट स्वतः तिच्या गाडीत आणून ठेवलं. पहार तेवढी ठेवून घेतली, पायरीवरचा बर्फ फोडायला. परतताना डार्लीनला रडू आलं. बापाला जपायचं म्हणजे त्याचं एकेक सुख काढून घ्यायचं, आणि आता तिच्यात तेवढीही ताकद उरली नव्हती.

बुधवारी फोन थरथरला. परवानगीची विनंती. पानाचं नाव: 'पुढच्या दाराची पायरी: नऊ इंच'.

तिने 'नको' दाबून बापाला फोन लावला. "चेष्टा करताय का?"

"कसली चेष्टा? मी त्या डबड्याला हात लावला नाही."

शुक्रवारी 'ओसरी: सात इंच'. तिने बापाला कॉम्प्युटरची वायर काढायला लावली. भिंतीतून ती ओढल्याचा आवाज तिने फोनवर स्वतः ऐकला.

शनिवारी, रविवारी, सोमवारी काही आलं नाही. तिने रविवारची फेरीही चुकवली. अंगात कणकण होती असं तिने सांगितलं, आणि ते अर्धं खरं होतं.

मंगळवारी वर्गात मिसेस टॉलेफसननी हात वर केला. "पान काही मागतच नसेल, तर ते चांगलंच म्हणायचं ना?"

डार्लीन उत्तर देणार तोच खिशात थरथर झाली.

'स्वयंपाकघर: चार इंच. एक माणूस.'

तिने वर्गासमोरच फोन लावला. सहाव्या घंटीला उचलला गेला.

"बाबा?"

"फोनपर्यंत आलो कसाबसा." रायनो कुजबुजत होते. "आता हलत नाही."

"पडलात का? कुठं लागलंय?"

"आवाज येतोय गं खालून. तू येऊ नकोस पोरी. हा एकालाच पेलतोय."

ती गेलीच. बारा मैल तिने कसे काढले ते तिला आठवत नाही. रुग्णवाहिकेला कळवलं. डोक्यात रक्तस्राव झाला असेल, म्हातारपणी भास होतात, हे ती स्वतःलाच मोठ्याने सांगत होती.

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. रायनो पिवळ्या चौकोनांच्या जमिनीवर पालथे पडले होते. हातपाय फाकलेले, छातीखाली आडवी पहार. पातळ बर्फावर अडकलं तर असंच पडायचं असतं. कॉम्प्युटरची वायर टेबलाखाली सुटी लोंबत होती.

"दारातच थांब."

"बाबा, ही जमीन आहे. खाली तळघर आहे. तिथं तुमचं कपडे धुवायचं मशीन आहे."

"माहितेय मला."

"मग उठा ना!"

"मी तुझं ऐकलं. तळ्यावर नाही गेलो." त्यांचा आवाज थकलेला होता, भ्यालेला नव्हता. "आता एकदा तू ऐक."

मध्ये सहा पावलांचं अंतर होतं. तिने एक पाऊल आत टाकलं.

चुलीपासून खिडकीपर्यंत एक लांब, खोल कण्हणं गेलं. भार पडला की बर्फ असा कण्हतो; लहानपणापासून तिने ते तळ्यावर ऐकलं होतं.

डार्लीन जमिनीवर आडवी झाली. म्हाताऱ्याचं मन राखायला, असं तिने नंतर रुग्णवाहिकेतल्या माणसांना सांगितलं. गळ्यातला मफलर काढून तिने पुढे फेकला. रायनोनी टोक मनगटाला गुंडाळलं.

तिने ओढलं.

गालाखालची जमीन पाण्यावर तरंगत असल्यासारखी हलली.

तिने पुन्हा ओढलं. बापाचं वजन तिला माहीत होतं. मागे आजारपणात तिनेच त्यांना उचललं होतं. हे वजन त्याहून जास्त होतं.

"सोड त्याला," रायनो मान न वळवता म्हणाले. ते तिच्याशी बोलत नव्हते. "पोरगी आलीय माझी. सोड."

आणि मफलर हलका झाला.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. डोकं ठीक, हृदय वयाच्या मानाने ठणठणीत. पाय तेवढे गुडघ्यापर्यंत गारठून निळे पडले होते. डार्लीनने त्यांना गावात आपल्या घरी आणलं, दुसऱ्या मजल्यावर. बाप जिवंत होता, आतल्या खोलीत घोरत होता, आणि तिला त्याहून जास्त काही नको होतं. त्याचा कॉम्प्युटर तिने फोडून टाकला. आपल्या फोनवरून ते परवानगीचं कुलूपही काढून टाकलं. त्यानंतर एकही विनंती आली नाही.

पुढच्या मंगळवारी ती वर्गात उभी राहिली. अकराच्या अकरा जण आले होते. नेहमीचं सुरू करायचं होतं, पत्ता, कुलूप, घाई. ते न करता ती म्हणाली, "आज सगळे एका टेबलाशी नको. जरा लांब लांब बसा."

का, असं कुणीच विचारलं नाही. मिसेस टॉलेफसननी पाय न उचलता, सरपटत आपली खुर्ची मागे घेतली. बाकीच्यांच्या खुर्च्या आधीच भिंतीला लागलेल्या होत्या.