हद्दीचा दगड

हन्नाबाईंना सकाळी चालायला फार आवडायचं. साखर वाढली म्हणून चालणारी माणसं वेगळी. ती हात हलवत, घड्याळ बघत चालतात आणि घरी आल्यावर जगावर उपकार केल्यासारखी खुर्चीत बसतात. हन्नाबाईंचं तसं नव्हतं. अंगाभोवती शाल, पायात रबरी चपला, दुखऱ्या गुडघ्यांना दोन शिव्या, की निघाली स्वारी पाटाच्या रस्त्याने. कशासाठी, तर कशासाठीच नाही. ओल्या मातीचा वास यायचा, उसाच्या फडातून कुणीतरी खोकायचं, खंड्या पक्षी तारेवरून पाण्याकडे टक लावून बसलेला दिसायचा. एवढ्यावर बाई खूश.

गाव घोडेगावच्या अलीकडे, कालव्याला लागून. कालव्याला तिकडे सगळे पाटच म्हणतात आणि पाट सांभाळणाऱ्या सरकारी माणसाला पाटकरी. हन्नाबाईंचे नवरे, इमॅन्युएल, जन्मभर पाटकरी होते. भराव खचला का, कुणी रात्रीतून पाणी फोडलं का, हे बघत हातात काठी घेऊन रोज पाटाच्या कडेने जायचं आणि जिथे आपली हद्द संपते तिथून परत फिरायचं. हद्दीवर एक दगड होता, कंबरेएवढा, चुना लावलेला. इमॅन्युएल त्याच्यावर तळहात टेकवायचे आणि मगच वळायचे. निवृत्त झाल्यावर दोघं जोडीने चालायला लागली, तरी ही खोड गेली नाही. हन्नाबाई चेष्टा करायच्या, की आता कोणता साहेब बघायला येणार आहे? त्यावर ते आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचे, "आपली हद्द हितवर. हात लावायचा अन् माघारी फिरायचं. न्हाईतर फेरी पुरी हुत न्हाई." मग हन्नाबाईही हात टेकवायच्या. तळव्याला चुना लागायचा, तो पदराला पुसत दोघं घरी यायची. दगडाच्या पलीकडे हन्नाबाईंनी उभ्या जन्मात पाऊल टाकलं नव्हतं.

मग गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर इमॅन्युएलना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. जन्मभर चाललेला माणूस खाटेवर पडला. त्यांच्या चामड्याच्या वहाणा खाटेखाली तशाच राहिल्या, आणि हन्नाबाईंचं चालणंही थांबलं.

पुण्याहून आराधनाचा, त्यांच्या मुलीचा, रोज फोन. मम्मी, तूही अशी बसून राहिलीस तर दोघांना कोण बघणार? शेजारच्या भिमाबाईंनीही तेच लावून धरलं. त्या कोंबड्याच्या आधी उठणाऱ्या. सकाळी दादांजवळ मी चहा घेऊन बसते, तुमी जाऊन या, म्हणाल्या. दिवाळीनंतर, थंडी पडू लागल्यावर, हन्नाबाई पुन्हा निघाल्या. पहिल्या दिवशी त्यांना इतकं छान वाटलं, की वाटेत उभं राहून त्या रडल्या. नवरा खाटेवर खिळलेला आणि आपण इथे मजेत हवा खातोय, याची त्यांना लाज वाटली. म्हणून त्यांनी एक रिवाज केला. घरी आलं की चहा पाजता पाजता इमॅन्युएलना सगळं सांगायचं. आज कुणाचा ऊस तुटला, कुठे भरावाला घूस लागली, खंड्या होता की नव्हता. ते डोळे मिटून ऐकायचे आणि दगडाचा भाग आला की मान हलवायचे.

पुढे धुकं पडायला लागलं. त्या भागात असं धुकं नेहमी पडत नाही, पण त्या वर्षी पडलं. पाट दिसेना, रस्ता दिसेना, आपलेच पाय कुणा दुसऱ्याचे असावेत असे दिसायचे. अशाच एका सकाळी हन्नाबाईंच्या उजव्या हाताला आवाज आला. कर्र... कर्र... कर्र. चामड्याच्या वहाणांचा.

तुम्ही-आम्ही असतो तर धूम ठोकली असती. हन्नाबाईंनी काय केलं, तर सवयीने थोडं डावीकडे सरकून जागा दिली. आपण जागा दिली हे त्यांच्या लक्षातच आलं दगडापाशी पोचल्यावर. तिथे आवाज थांबला. टप्. दगडावर तळहात पडला. हन्नाबाईंनी आपला हात टेकवला आणि त्या मागे वळल्या. आवाजही वळला, घरापर्यंत आला आणि दारात विरला.

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. आठवणीचा भास, असं स्वतःला समजावलं. पण दुसऱ्या दिवशीही तो आवाज आला आणि तिसऱ्याही. आणि एका सकाळी त्या घरात शिरून शाल काढतात तोच, त्यांनी तोंड उघडायच्या आधी, खाटेवरून इमॅन्युएल जड जिभेने म्हणाले, "पानी... सुटलं."

खरंच, त्याच पहाटे पाटाला पाणी आलं होतं. हन्नाबाई खाटेजवळ गेल्या. महिनोन्‌महिने न हललेला इमॅन्युएलचा उजवा हात गोधडीवर उताणा पडला होता आणि तळव्यावर पांढरा चुना होता. त्यांनी वाकून खाटेखाली पाहिलं. वहाणा ओल्या होत्या आणि अंगठ्यापाशी गवताची कुसळं अडकली होती.

भिमाबाईंना विचारलं, तर त्या बिचाऱ्या शपथेवर सांगायला लागल्या की मी जागची हललेच नाही. "दादा झोपल्यालेच हुते, वैनी. मी दोनदा हाक मारली. उठलं न्हाई. लई गाढ झोप..."

हन्नाबाईंनी ओल्या फडक्याने तो तळवा पुसला. भीती वाटायला हवी होती, पण त्यांना आनंदच झाला. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं घोडेगावच्या बाजाराला चालत गेली होती, तेव्हा झाला होता तसा. आता रोज सकाळी त्या दारात क्षणभर थांबायच्या, करकर सुरू झाली की निघायच्या. बोलणं नाही, बघणं नाही. बघितलं तर मोडेल, हे त्यांनी न सांगता ओळखलं होतं. धुक्यातून दोघं जायची, दगडाला हात लावायची आणि माघारी यायची. रविवारी चर्चमध्ये त्या डोळे मिटून एवढंच मागायच्या, की प्रभू, हे असंच राहू दे. एक गोष्ट मात्र त्यांनी मनाशी पक्की बांधली होती. ते आपल्याबरोबर जातात आणि आपल्याबरोबर येतात. मधला तो दगड चुकता कामा नये.

आणि घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी नेमका तो चुकला.

त्या दिवशी जनावरांचे टेम्पो अंधारातच रस्त्याला लागतात. त्यातलंच एखादं सुटलं असेल. दगड अगदी चार हातांवर आला आणि धुक्यात समोर एक म्हैस आडवी उभी दिसली. भलीमोठी, काळीभोर, गळ्यात तुटका कासरा. मागे माणूस नाही. नाकातून वाफ निघत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता. हन्नाबाईंनी हड्हड् केलं. म्हैस हलली नाही. तिने मान खाली घातली आणि एक पाऊल पुढे टाकलं. खाली पाण्याने भरलेला पाट, वर अरुंद भराव. हन्नाबाई तिथूनच वळल्या आणि झपझप निघाल्या.

गाव जवळ आल्यावर त्यांना जाणवलं, की उजव्या हाताला काहीच वाजत नाहीये.

दारात भिमाबाई उभ्या होत्या. "वैनी, दादा उठंनात... डोळं उघडं हायेत, पन बघत न्हाईत." हन्नाबाईंनी पाहिलं. श्वास चालू होता. अंग ऊन होतं. पण माणूस आत नव्हता. भिमाबाईंच्या मुलाने मोटरसायकलवर डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, दुसरा झटका दिसतोय, लगेच नगरला हलवा. गाडीला फोन गेला. गाडी यायला वेळ होता. हन्नाबाईंनी पुन्हा शाल गुंडाळली.

"आता कुटं निघाला?" भिमाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"दगडाला हात लावायचा ऱ्हायला," हन्नाबाई म्हणाल्या.

एव्हाना ऊन यायला हवं होतं. पण पाटावर धुकं तसंच होतं. म्हैस गेली होती. दगड एकटाच होता. हन्नाबाईंनी हाक मारली, "अहो..." दगडाच्या पलीकडून, बऱ्याच लांबून, उत्तर आलं. कर्र... कर्र... दूर दूर जाणारं.

त्या दगड ओलांडून गेल्या.

पलीकडे रस्ता तसाच होता, फक्त थंडी नव्हती. धुकं कोमट होतं आणि त्याला चुलीवर पाणी तापत असल्यासारखा वास होता. पाट काठोकाठ वाहत होता, पण त्याचा आवाज होत नव्हता. आणि चालणं... चालणं इतकं सोपं कधीच नव्हतं. गुडघे दुखत नव्हते. किती वर्षांनी दुखत नव्हते. पाय आपापले पडत होते, जमीन हळूच वर येऊन तळव्याला लागत होती. आपण कशासाठी आलो हे हन्नाबाई थोडा वेळ विसरल्या. थोडा की फार, कोण सांगणार? उजव्या हाताला करकर सुरू झाली, तेव्हा त्यांना आठवलं.

"अहो," त्या समोर बघतच म्हणाल्या, "हद्द संपली. चला आता."

"थोडं फुडं जाऊ, हन्ना," इमॅन्युएल म्हणाले. आवाज स्वच्छ होता, जीभ कुठेही अडखळली नाही. "लई बरं वाटतंय."

त्यांनाही बरं वाटत होतं. इतकं, की हो म्हणायला ओठ उघडले होते. घरी काय होतं? खाट, औषधं, दुखरे गुडघे. पण त्यांना दारात उभ्या असलेल्या भिमाबाई आठवल्या, पुण्याहून येणारा फोन आठवला. हा माणूस त्यांना हवा होता. अर्धा तर अर्धा, पण घरात हवा होता.

"चहा ठेवायचाय," त्या म्हणाल्या. "चला..."

करकर आणखी चार पावलं पुढे गेली. मग करकर वळली.

येताना त्यांनी एकदाही मान वळवली नाही. दगड दिसला तशा त्या बाजूला झाल्या. "आधी तुमी," त्या पुटपुटल्या. क्षण गेला. मग आवाज झाला, टप्. हन्नाबाईंचा जीव भांड्यात पडला. तशाच त्या वहाणांच्या आवाजाबरोबर घराकडे जवळजवळ धावत सुटल्या.

घरी इमॅन्युएल डोळे उघडून छताकडे बघत होते. उजव्या तळव्यावर चुना होता. त्यांनी चहा मागितला, आणि भिमाबाई पदर तोंडाला लावून रडल्या, कारण शब्द स्पष्ट होता. गाडी आली ती तशीच परत गेली. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, मान हलवली आणि कधीकधी असं होतं, म्हणाले. त्या दिवसापासून इमॅन्युएल सुधारत गेले. बोलू लागले, उशीला टेकून बसू लागले. उभं राहणं काही जमलं नाही. हन्नाबाईंनी चालणं बंद केलं. आता गरज काय, असं त्या म्हणायच्या. वहाणा पुसून कोरड्या केल्या आणि कपाटावर ठेवून दिल्या. घरात इतकं सुख होतं, की त्यांना सकाळी लवकर जागसुद्धा येईना.

एका सकाळी त्या उठल्या तेव्हा भिंतीवर ऊन आलं होतं. अंग छान हलकं होतं. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. भिमाबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्याकडे जरा निरखून बघत म्हणाल्या, "आज लईच गाढ झोप लागली, वैनी. मी दोनदा हाक मारली... उठला न्हाई."

हन्नाबाई हसल्या. पाय खाली सोडले, आणि तळव्यांना गार लागलं. खाटेखाली त्यांच्या रबरी चपला होत्या. ओल्या. पट्ट्याला गवताची कुसळं चिकटली होती.

समोरच्या खाटेवर इमॅन्युएल उशीला टेकून बसले होते. ते कधीचे जागे होते, रडून डोळे सुजले होते.

"किती हाका मारल्या तुला," ते म्हणाले. "मी दगडापाशी हुतो. तू थांबलीच न्हाईस... मला फुडं येता येईना."

बाजाराच्या दिवसाची ती सकाळ हन्नाबाई मनात पुन्हा पुन्हा चालून बघत होत्या. धुकं. दगड. आधी तुमी. टप्. आणि नंतर, आपला हात?

त्यांनी आपला उजवा तळहात उन्हात धरला. तो स्वच्छ होता. भिमाबाईंनी चहाचा कप पुढे केला, तो घ्यायला त्या उठल्या. एरवी खाटेचा कठडा धरून उठावं लागे. आज नाही लागलं. गुडघे अजिबात दुखत नव्हते.