दोनदा ओढलेली मूठ

वासिलीचं विमान चालवायचं लायसन्स वाचलं. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण सोमवारी निरीक्षक येऊन ते काढून घेणार यावर अख्ख्या गावाचं एकमत होतं.

अलास्कातल्या त्या गावाला रस्ता नाही. वासिलीचं विमान हाच रस्ता. रविवारी रिमझिम पावसात उतरायच्या बेतात असताना इंजिन खोकत खोकत बंद पडलं आणि विमान नदीतल्या वाळूवर टेकलं. एक चाक मोडलं. आत वासिली, शेजारी सासूबाई नास्तास्या आणि त्यांच्या मांडीवर लग्नघरचा अकुताक: चरबीत बेरी फेटून गोठवलेला, बादलीभर.

वासिलीच्या बायकोने खासगी तपासनीस अग्राफेनाला गाठलं. अग्राफेना आली, मागून नवरा गॅब्रिएल आला. तो नेहमी मागूनच येई, विचारातसुद्धा.

मेकॅनिक तिखोन म्हणाला की टाकीत पेट्रोल भरपूर, त्यात पाण्याचा थेंब नाही, आणि तासाभराने इंजिन एका झटक्यात चालू झालं. इंजिनाला गरम हवा देणारी मूठ मात्र आत ढकललेली, म्हणजे बंद होती. तिच्यावरची अक्षरं झिजून ‘गरम’ एवढंच उरलं होतं.

"म्हणजे हा ओढायला विसरला," गॅब्रिएल म्हणाला.

वासिलीने मान खाली घातली. "ओढली होती. दोन्ही वेळा."

एवढं बोलून तो मोडलेलं चाक पाहायला गेला.

नास्तास्याबाईंचं जावयाबद्दलचं मत विचारायच्या आधीच मिळालं. विमानात बसलं की याला ऊब हवी, वय काय, लक्षणं काय. अकुताक मात्र दगडासारखा घट्ट पोचला, हेही त्यांनी अभिमानाने सांगितलं.

संध्याकाळी अग्राफेनाने सगळ्यांना चहाला बसवलं.

"इंजिन बर्फाने बंद पडलं."

"बाहेर कुठे होता बर्फ?" गॅब्रिएलने विचारलं.

"बाहेर नव्हताच. हवा दमट असली की पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटर आतून गारठतो, गरम हवा नसेल तर बर्फ धरतो, इंजिन गुदमरतं. माणसं पोचेपर्यंत बर्फ वितळतो, पुरावा संपतो. आता सांग, ओढलेली मूठ माणूस पुन्हा का ओढेल?"

गॅब्रिएलने बराच विचार केला. "सवय म्हणून?"

"मधे कुणीतरी ती आत ढकलली म्हणून. ‘गरम’ वाचून ती विमानातल्या उबेची मूठ समजून, अकुताक वितळेल या धास्तीने. मावशी, दुसऱ्यांदा ढकललीत तेव्हा त्याची नजर धावपट्टी शोधत होती."

नास्तास्याबाईंनी कप खाली ठेवला आणि त्या जावयाकडे वळल्या. "मग बोलला का नाहीस रे?"

"तुम्हाला नको कसं म्हणू?" वासिली म्हणाला. "घरी तुमचीच मुलगी आहे."

सोमवारी बाईंनी निरीक्षकांपुढे सगळं कबूल केलं आणि जोडीला अर्जही दिला: सबब, यापुढे प्रत्येक विमानात इंजिनासाठी एक व सासूसाठी एक, अशी दोन स्वतंत्र हवामाने बसवून मिळावीत, ही नम्र विनंती.