बाजूला कोण होणार

उपग्रहवाल्यांच्या परिषदेत, सभागृहाच्या दारात दोघं एकदमच आले. तिच्या हातात कॉफीचा कप, त्याच्या हातात दोन. ती डावीकडे सरकली तर तोही तिकडेच... मग उजवीकडे, तर पुन्हा तोच. शेवटी तो हसत भिंतीला टेकला.

“जा तुम्ही. मी होतो बाजूला.”

हा आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. माणूस मात्र आज पहिल्यांदाच पाहत होती.

ती एका कंपनीत उपग्रह सांभाळायची, तो दुसरीत. दोघांचे उपग्रह साधारण एकाच उंचीवरून फिरत आणि अधूनमधून एकमेकांच्या वाटेत येत. तसं झालं की फोन व्हायचा आणि ठरायचं, बाजूला कोण होणार. जो बाजूला होईल त्याचं इंधन जळणार. आणि म्हातारा झालेला उपग्रह खाली आणून हवेत जाळून टाकायला तेच इंधन लागतं. ते संपलं, तर तो मेल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या वरच भटकत राहणार, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत.

पहिल्या फोनच्या वेळी साहेब तिच्या कानाशी कुजबुजले होते, “इंजिन आजारी आहे म्हण.” ती म्हणाली. तो बिचारा लगेच म्हणाला, “अरेरे, मग मी होतो बाजूला.” दुसऱ्या वेळी साहेब खोलीत नव्हते, तरी ती तेच म्हणाली. पुढे तर त्याचं नावच ऑफिसात ‘बाजूवाले’ पडलं, आणि हसणाऱ्यांत तीही होती. फोन मात्र लांबत गेले. तो आधी इंजिनाची तब्येत विचारायचा, मग तिची. तिला शेजारीणबाई म्हणायचा. फोन लागताच बोलणं नोंदलं जात असल्याची सूचना यायची, तर त्या सूचनेलाही तो ‘नमस्कार ताई’ म्हणायचा.

“तुम्ही... बाजूवाले?” तिच्या तोंडून निसटलंच.

तिचा आवाज ओळखून तो खुलला. “शेजारीणबाई! घ्या, हा दुसरा कप तुमचाच.”

“माझ्या हातात आहे की एक.”

“मग एक प्या, एक धरा. माझ्याशी बोलताना हातांचं काय करायचं, हा प्रश्न तरी मिटेल.”

ती हसली. खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत होता आणि दोघं काचेला लागून उभे राहिले. पाहता पाहता त्याचा चेहरा गंभीर झाला.

“आमच्या म्हाताऱ्याला यंदा खाली आणायचंय. तो वर गेला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. आता वर त्याचा कचरा होऊ द्यायचा नाही, एवढंच मनात आहे. पण इंधन अगदी काठावर आलंय. आणखी एकदा बाजूला झालो, तर नाही यायचा तो.”

“आणि... तशी वेळ आली तर?”

“तोवर तुमचं इंजिन बरं होईल. मी एवढी चौकशी करतो, ती काय उगाच?”

तिची मान वर होईना. संध्याकाळी फिरायला येता का, असं त्यानं विचारलं तेव्हा काम आहे म्हणाली. काम कसलंच नव्हतं. त्याच्या शेजारून चालायची तिला लाज वाटत होती.

आणि तशी वेळ आलीच. फोन वाजला तेव्हा साहेब तिच्या पाठीशी उभे होते.

“शेजारीणबाई... या खेपेला फारच जवळून जाणार आहेत दोघं,” त्याचा आवाज उतरलेला होता. “तुमचं इंजिन चालत नसेल तर इलाज नाही. मी होतो—”

“थांबा. मी होते बाजूला.”

“बरं झालं इंजिन?”

केवढा आनंद होता त्या आवाजात! नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर सगळंच निभावलं असतं. नोकरी, अब्रू... आणि तोही.

“ते आजारी नव्हतंच,” ती म्हणाली. “कधीच नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं म्हणून खोटं बोलले, नंतर माझी मीच. तुमचं इंधन मी जाळलं.”

साहेबांनी कपाळावर हात मारला.

“हे नोंदलं जातंय,” तो हळूच म्हणाला.

“माहीत आहे. म्हणूनच इथं बोलले.”

“...उपग्रह वर सरकवणार की खाली?”

“वर.”

“ठीक. मी जागेवर राहतो.”

फोन बंद झाला. आज त्यानं शेजारीणबाई म्हणून निरोप घेतला नव्हता, आणि तेही विसरून नव्हे.

नोंदलेल्या शब्दापुढे साहेबांचं काही चाललं नाही. तिनं स्वतः उपग्रह सरकवला. मग तिला त्या फोनवरून हलवून कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. तिथं तिला कुणी काही विचारत नसे. त्याला फोन करावा असं रोज मनात येई आणि रोज धीर सुटे.

पाऊस संपून आकाश निवळल्यावर एके दुपारी तिचा स्वतःचा फोन वाजला. या वेळी मधे सूचना देणारी ताई नव्हती.

“म्हातारा उद्या उतरतोय. समुद्रावर जळेल, इथून काही दिसणार नाही. पडद्यावर एक ठिपका असेल आणि मग नसेल. तरी... येता?”

“तुमचा राग...”

“आहे. चांगलाच आहे. तो धरूनच बोलावतोय.”

ती गेली. त्याच्या कंपनीच्या नियंत्रण कक्षाच्या दारात दोघं पुन्हा एकदमच आले. ती झटकन भिंतीला टेकली.

“जा तुम्ही. मी होते बाजूला.”

त्यानं दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“दार रुंद आहे, शेजारीणबाई. दोघं मावतो.”

ती मान खाली घालूनच आत गेली, पण त्याच्या बरोबरीनं.