मागाला लावलेला हात

जवळ सरका, आणि मागे वळून बघू नका. ही माझ्या सायकल दुरुस्तीवाल्या मित्राची गोष्ट. थापा मारायची सवय मला आहे, त्याला नाही.

गिरणी पाडायचा आदला दिवस, शनिवार. शहरातल्या हौशी मंडळींनी संध्याकाळी जुन्या गिरण्या बघायला सायकलफेरी काढली होती. गिरण्या चालू होत्या तेव्हा इकडे कुत्रं फिरकलं नाही. आता मयताला सगळे हजर, गळ्यात कॅमेरे अडकवून! पाडणारे चिमणी तेवढी ठेवणार होते म्हणे, शोभेला. मला अजून संताप येतो. मित्र पंक्चर काढायला म्हणून सोबत गेला.

खरं कारण त्याचा बाप. त्याच गिरणीत विणकर. तिथला नियम असा, की पुढच्या पाळीचा बदली कामगार येऊन मागाला हात लावेपर्यंत जागा सोडायची नाही. हात लावला की माग त्याचा. गिरणीला टाळं लागलं त्या रात्री बदली आलाच नाही. चालत्या मागावरून बापाला ओढून बाहेर काढलं. आता तो अंथरुणाला खिळलेला. जीव जाता जात नव्हता. बोटं हवेतच तुटका धागा सांधत राहायची.

"बदली आला?"

"आला, बाबा."

"खोटं बोलू नकोस."

फोटो काढून मंडळी पांगली. अंधारलं. मित्र एकटाच शेडमध्ये शिरला. माग केव्हाच भंगारात गेलेले. उघडी फरशी, बोल्टांची भोकं.

आणि आवाज.

खट्… खट्… एकच माग.

कोपऱ्यात कुणीतरी पाठमोरं. पाठ बापाची. पण तरुण.

मित्र तरी पुढे गेला. अंधारात हात लांब केला… लोखंड लागलं. गरम.

"बाबा… मी आलोय. तुम्ही घरी जा."

त्या पाठमोऱ्यानं हात पुसले. वळून न बघता निघून गेला.

मित्रानं सायकल दामटली. घरी पोचला तर बाप गेलेला. बोटं शांत.

मित्राची बायको म्हणाली, "सुटले हो. शेवटी हसले. म्हणाले, बदली आला."

तिथे आता टॉवर उभा आहे. चिमणीवर रोषणाई. मित्राचा पोरगा तिथेच फ्लॅट विकतो. माग कशाशी खातात, त्याला ठाऊक नाही.

मित्राची बोटं मात्र झोपेत चालतात. मी पाहिलंय. नुसती बोटं.

आणि सकाळी वहिनी चादर झटकतात, तेव्हा…

दोरा पडतो. वीतभर. मधोमध विणकराची गाठ. अजून तेलकट.